विषय क्रमांक सात

ओबरश्वांड
रविवार, २४ नोव्हेंबर

प्रिय ग्रासिंदा,

पाकीट फोडल्याबरोबर तू सवयीप्रमाणे आधी शेवटचं पान बघायला जाशील. तसं करू नकोस. बसमध्ये तूच लोकांना दटावतेस ना, गाडी थांबेपर्यंत जागेवर बसा, दाराशी गर्दी करू नका म्हणून? मग आज तूही बस. निकाल काय लागला ते मी सांगणारच आहे, पण जसं घडलं तसं, क्रमाने. मी रस्त्याचा माणूस आहे. मधलं वळण गाळून मला कुठेच पोचता येत नाही.

तू निघताना बजावून गेलीस की कुणीही फोन करायचा नाही. "मागच्या वेळी निकाल मला दाराच्या फटीतून कळला, बूट काढायच्या बाकावर बसून. या वेळी जे काय असेल ते सहीशिक्क्याच्या कागदावर कळू दे. मी चालले पोर्तुगालला बहिणीकडे, ऑलिव्ह झोडायला." म्हणून फोन केला नाही. पण पत्राबद्दल तू अवाक्षर काढलं नव्हतंस, तेव्हा मी नियम मोडत नाहीये. आणि पत्र का लिहितोय तेही शेवटी सांगतो. नाही, आत्ता पान उलटू नकोस.

आधी गावची हालहवाल. तुझ्या बदलीवर खालच्या शहरातून एक गृहस्थ येतात. टाय लावतात, सगळ्यांना वाकून नमस्कार करतात आणि चर्चच्या वळणावर इतके हळू जातात, की मंगळवारी आपण काठी टेकत बसच्या पुढे निघून गेलो असं आग्नेसआजी सगळ्यांना सांगत फिरते आहे. ब्याण्णव वर्षांच्या बाईला खोटं कोण पाडणार! शुक्रवारी तर सहा बेचाळीसची बस सहा चव्वेचाळीसला सुटली. दोन मिनिटं! थांब्यावर लोक घड्याळं एकमेकांच्या घड्याळाशी ताडून बघत होते. तुझ्या जिरेनियमच्या कुंड्या मी तळघरात उतरवून ठेवल्या आहेत. एक फुटली. ती माझ्याकडून फुटली, मांजरीकडून नाही. मांजरीवर ढकलायचा विचार आला होता, पण आजपासून मी खरं बोलायचं ठरवलं आहे, आणि सुरुवात कुंडीपासून केलेली बरी.

बुधवारी पहिला बर्फ पडला. पहाटे पाचला मी बर्फ ढकलायची गाडी बाहेर काढली, चर्चपर्यंत रस्ता साफ केला आणि सवयीने आरशात बघितलं. मागे तुझे दिवे नव्हते. आता बावीस हिवाळे झाले आपल्याला, मी पुढे आणि तू मागे. मी घाटाच्या तोंडाशी बाजूला होतो, तू दोनदा डिपर मारतेस, मी हात हलवतो, आणि मग तू सहा बेचाळीसला सुटणारी ती बस घेऊन खाली उतरतेस. आपण दोघांनी मिळून या गावाचं जेवढं पोरबाळ सुखरूप शाळेत पोचवलं आहे, तेवढं त्यांच्या आईबापांनीही पोचवलं नसेल. बुधवारी त्या टायवाल्या गृहस्थांनीही मागून येऊन एकदा हॉर्न वाजवला. सभ्य माणूस आहे, त्याची काही चूक नाही. पण मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं, आणि दुपारी जेवतानाही मी दोनदा खिडकीतून रस्त्याकडे बघितलं.

तुझा नागरिकत्वाचा अर्ज कशावरून सुरू झाला ते तुला सांगायला नको, पण आज ग्रामसभेत सगळे विसरल्यासारखे बसले होते म्हणून मला तो दिवस पुन्हापुन्हा आठवत होता. बसथांबा दूधडेअरीसमोरून हलवून पलीकडे न्यायचा विषय होता. तू पाहुण्यांच्या बाकावर होतीस, मागे, व्यायामशाळेतल्या गाद्यांच्या ढिगाऱ्याला टेकून. पाहुण्यांना ऐकता येतं, बोलता येत नाही. त्या रस्त्यावर रोज सहा फेऱ्या करणारी एकटी तू, आणि पलीकडचा उतार जानेवारीत काचेसारखा होतो हे माहीत असलेली बहुधा तूच. तू दोनदा हात वर केलास आणि दोनदा तुला सांगितलं गेलं की पाहुण्यांनी हात खाली ठेवावा. थांबा पलीकडे गेला, भरघोस मतांनी. त्या हिवाळ्यात योस्तच्या नातीचा हात मोडला. बाहेर पडताना तू मला म्हणालीस, "बाल्त्स, स्टिअरिंग माझ्या हातात आहे, चाळीस पोरं माझ्या पाठीमागे आहेत, आणि बस कुठे थांबावी हे मी सोडून सगळं गाव ठरवतं. तीस वर्षं मी इथे नुसती राहिले, आता मला इथली व्हायचंय." दुसऱ्या दिवशी तू अर्ज आणलास. रकान्यात 'कारण' असं लिहिलेलं होतं, तिथे तू 'बसथांबा' एवढंच लिहिलंस. मी म्हटलं, अगं जरा सविस्तर लिही, देशाबद्दल प्रेम वगैरे. तू म्हणालीस, "हेच प्रेम आहे."

योस्तला तर तू ओळखतेसच. माझी मार्टा गेली त्याला नऊ वर्षं झाली, पण आपला हा भाऊ मात्र ती मेहुणा म्हणून माझ्याकडे ठेवून गेली. तुझ्या अर्जाच्या सुमारास एकदा थांब्यावर उभं राहून तो तुला म्हणाला होता, "अगं, कशाला एवढे फॉर्म भरतेस? इथल्या कुणाशी तरी लग्न लाव, काही वर्षांत आपोआप सुटशील. विधुरांना काय तोटा आहे गावात!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. तू बसचं दार उघडं ठेवून त्याला सगळ्यांसमोर सुनावलंस, "मला नागरिकत्व हवंय, नवरा नकोय. आणि उद्या नवरा हवा झालाच, तर तो नागरिकत्वासाठी हवा होणार नाही. माझा हक्क मी कुणाच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत आणणार नाही." सगळी बस हसली. मीही हसलो. ते वाक्य मात्र मी घरी घेऊन गेलो, आणि ते अजून माझ्याकडे आहे. ते पुढे लागेल, लक्षात ठेव.

आता दोन वर्षांपूर्वीची ती पहिली सभा. तू बाहेर बाकावर होतीस, त्यामुळे आत काय झालं ते तुला फक्त आकड्यांत माहीत आहे. बाजूने सत्तावन्न, विरोधात अठ्ठावन्न. कुणी काही बोललं नाही, कुणी भांडलं नाही. रेगुलाने अध्यक्षांच्या खुर्चीवरून विचारलं, अर्ज मंजूर करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मोजणारे दोघे पेन्सिली घेऊन रांगांमधून निघाले. मी चौथ्या रांगेत होतो. हात वर करायला निघालो, खरंच निघालो, कोपर उचललं होतं, तेवढ्यात मागून योस्त पुटपुटला, "बघा बघा, आता पोर्तुगालच्या जावईबापूंचा हात कसा रॉकेटसारखा वर जातो." दोन-तीन जण खुसखुसले. ग्रासिंदा, माझं वय तेव्हा साठ होतं. हिमलोटाखाली एकदा अडकून निघालेला माणूस मी. आणि तेवढ्या खुसखुशीला घाबरून मी तो हात कानामागे नेला आणि मान खाजवली. मोजणारा पुढे गेला. विरोधातल्या हातांच्या वेळीही मी मानच खाजवत होतो. लोकांना वाटलं असेल मला काही चावलं.

एका मताने तू हरलीस. ते मत माझं होतं. माझा हात वर असता तर बरोबरी झाली असती, आणि रेगुलाने मला नंतर सांगितलं की बरोबरीत अध्यक्षाचं मत चालतं आणि ती 'हो'च म्हणणार होती. मी दोन वर्षं तुझ्यापासून हे लपवलं. त्या दिवशी मी बाहेर आल्यावर तू मला म्हणाली होतीस, "निदान सत्तावन्न तरी माझे आहेत, त्यातला एक तू." मी मान हलवली. त्यानंतर तू घरी बोलावून मला ते खाऱ्या माशाचं कालवण वाढलंस आणि मी ते खाल्लं. दोनदा घेतलं. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि कालवण फार चांगलं झालं होतं, याचीही लाज वाटली.

मग तू वरच्या न्यायालयात गेलीस. गावात केवढा गहजब! लोकशाही आहे की नाही, गावाने ठरवलं ते ठरवलं, काळ्या झग्यातल्या तिघांनी येऊन आमचे हात पुन्हा मोजायचे का, वगैरे. मीसुद्धा आधी थोडा तसाच होतो, खोटं कशाला बोलू. लहानपणापासून हेच बघितलं, जास्त हात ज्या बाजूला ती बाजू खरी. बर्फ कुठल्या रस्त्यावरचा आधी काढायचा हे असंच ठरतं आणि ते बरोबरच आहे. न्यायालयाचा तो कागद तू मला वाचायला दिलास तेव्हा मी तो तीन संध्याकाळी वाचला. त्यात काही फार मोठं नव्हतं. गावाने नाही म्हणावं, पण का ते सांगावं, आणि त्यासाठी विषय पुन्हा सभेपुढे घ्यावा. रस्ता हा सगळ्यांचा असतो, म्हणून त्यावर नुसते हात पुरतात. माणूस हा एकेकटा असतो, आणि त्याला नाही म्हणायचं तर निदान त्याच्या तोंडाकडे बघून कारण सांगायला हवं. मला ते पटलं. मार्टा असती तर म्हणाली असती, एवढं कळायला तुला तीन संध्याकाळी लागल्या!

तर आजची सभा. चर्च सुटल्यावर अकराला, नेहमीसारखी शाळेच्या व्यायामशाळेत. गर्दी अशी की उंच उड्या मारायच्या त्या लाकडी खोक्यावरही चौघे बसले होते. पहिले सहा विषय पाण्याची टाकी, स्मशानाचं कुंपण, असलेच. तुझा सातवा. आता हे ऐक: सातव्या विषयाच्या वेळी मी आत नव्हतो. मी बाहेर, सायकलींच्या शेडखाली उभा होतो. का, ते आत्ता विचारू नकोस. खिडकी उघडी होती, कारण त्या सभागृहातून पोरांच्या मोज्यांचा वास अजून गेलेला नाही, आणि मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त पाय गारठले होते.

रेगुला उभी राहिली आणि म्हणाली, "या वेळी पद्धत वेगळी आहे. आधी हात नाहीत. आधी कारणं. अर्ज फेटाळावा असं कुणाचं म्हणणं असेल, तर त्याने उभं राहून नावानिशी सांगावं. भाषा येत नाही, कायदा पाळत नाही, आपल्यात मिसळत नाही, असं काही. आवडत नाही हे कारण नाही." आणि ती खाली बसली. मागच्या वेळचे अठ्ठावन्न तिथेच होते. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, जसं काही कारण तिथे लिहून ठेवलं आहे. कुणीतरी खोकलं. आणि मग योस्त उठला.

"अध्यक्षबाई, माझं म्हणणं आहे," तो म्हणाला. "ही बाई निष्ठुर आहे. गेल्या फेब्रुवारीत मी बसपासून दहा पावलांवर होतो. दहा! मी हात केला, हाक मारली. तिने आरशात मला बघितलं, घड्याळ बघितलं आणि गाडी काढली. बर्फात उभा केला मला." रेगुलाने विचारलं, "किती वाजले होते?" योस्त म्हणाला, "सहा बेचाळीस." आणि बस कितीची? "सहा बेचाळीसची." सभा इतकी हसली की त्या लाकडी खोक्यावरचा एक जण खाली घसरला. मागून बेकरीवाला ओरडला, "अरे योस्त, मग आणखी कशी असतात रे इथली माणसं? तिला नाकारायचं तर आम्हा सगळ्यांना नाकार!" योस्त लाल झाला, पण हटला नाही. म्हणाला, ती कुठल्या मंडळात नाही, ना नेमबाजीत, ना बँडमध्ये. तर बँडचा ढोलवाला उठून म्हणाला, "दर वर्षी जत्रेला आम्हाला आणि आमच्या ढोलाला कोण घेऊन जातं? ढोल तिच्या शेजारच्या सीटवर बसतो आणि आम्ही मागे." मग योस्तने शेवटचा बाण काढला. फुटबॉलच्या वेळी तुझ्या आरशाला पोर्तुगालचा झेंडा असतो. रेगुला म्हणाली, "टाळ्या कुणासाठी वाजवाव्यात हे कायदा विचारत नाही."

मग आग्नेसआजी उठली. तिला उठायला वेळ लागतो, पण कुणी घाई केली नाही. काठी जमिनीवर आपटून म्हणाली, "मी एकोणचाळीस वर्षांची होईस्तोवर या देशात मला मत नव्हतं. का? तर माझा बाप, माझे दोन भाऊ आणि माझा नवरा, या चौघांनी जाऊन ठरवलं की नसावं. अगदी रीतसर! मतपेटी होती, मोजणी होती, काही म्हणता काही कमी नव्हतं. त्या रविवारी मी चौघांना जेवायला वाढलं आणि विचारलं, का रे बाबांनो? एकाच्याही तोंडून शब्द नाही. माझा नवरा म्हणाला, बटाटे छान झालेत." ती थांबली, सगळीकडे बघितलं. "चांगला माणूस होता. बटाटेही छान झाले होते. पण मला कारण हवं होतं. आज त्या बसवालीलाही हवं आहे. असेल तर द्या, नसेल तर मुकाट्याने बसा. मला बारा वाजता औषध घ्यायचं असतं."

योस्त अजून उभाच होता. बेकरीवाल्याने हळूच विचारलं, "काय योस्त, बटाटे कसे झालेत?" पण या वेळी तो चिडला नाही. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "माझ्याकडे एक कारण आहे, पण ते हिच्याबद्दलचं नाही. ते माझं आहे. सभेत सांगण्यासारखं नाही." आणि असं म्हणताना त्याने खिडकीकडे बघितलं, सरळ माझ्याकडे. मग तो खाली बसला.

रेगुलाने तीनदा विचारलं. तीनदा कुणी उठलं नाही. ती म्हणाली, "मग नियमाप्रमाणे मतदानाची गरज नाही. फेटाळण्याची सूचना नाही, म्हणून अर्ज मंजूर." झालं, ग्रासिंदा! तू इथली झालीस. अकरा वाजून एकावन्न मिनिटांनी, मी घड्याळ बघितलं, कारण तू विचारणार हे मला माहीत होतं. कागद पुढे प्रांताच्या, म्हणजे कॅन्टनच्या, कचेरीकडे आणि मग देशाकडे जातील, ते शिक्के मारतील, पण अवघड घाट संपला. आता वाटल्यास बहिणीला हाक मार, नाच, ऑलिव्हची टोपली उपडी कर. मी थांबतो.

झालं नाचून? तर आग्नेसआजी काही ऐकेना. म्हणाली, "मतदानाची गरज नसेल तुम्हाला. मी निसरड्या रस्त्यावरून हात वर करायला आले आहे आणि मी तो करणार." आणि केला. मग बेकरीवाल्याने केला, ढोलवाल्याने केला, मग रांगेमागून रांग. सगळे नव्हते. आठ-दहा जण हात मांडीखाली दाबून बसले होते, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांनाही कारण कुणी विचारलं नाही, म्हणून तेही बऱ्यापैकी खुशीत दिसले. मोजणाऱ्यांनी मोजलं नाही, कारण ते मत नव्हतंच. आणि बाहेर शेडखाली, सायकलींमध्ये, मीही हात वर केला. चांगला सरळ, खांद्यापासून. दोन वर्षं उशिरा. मान खाजवली नाही. समोरून कुत्रं फिरवत जाणारी एक बाई मला बघून थबकली आणि तिनेही हात हलवला.

आता येतो ते, जे सांगायला मी एवढा वळसा घातला. बुधवारी लेखनिक तुला रजिस्टर टपालाने निर्णय पाठवेल, आणि नियमाप्रमाणे त्याच्यासोबत इतिवृत्ताचा उतारा जोडेल. त्या उताऱ्यात विषय क्रमांक सातच्या पहिल्याच ओळीत माझं नाव आहे. ते तू माझ्याआधी लेखनिकाच्या अक्षरात वाचावंस हे मला सहन होणार नाही, म्हणून हे पत्र उद्याच्या पहिल्या बसने जात आहे. झालं असं. विषय पुकारल्यावर रेगुलाने नियमाप्रमाणे वाचलं, अर्जदाराच्या कुटुंबातल्या किंवा तिच्याशी जवळचं नातं असलेल्या व्यक्तींनी सभागृहाबाहेर जावं. तुझं इथे कुणीच नाही हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे वाचता वाचता तिने पानही उलटलं होतं. मागच्या वेळीही तिने हे वाचलं होतं, आणि मी ना बाहेर गेलो, ना हात वर केला. आज मी उठलो. खुर्ची अशी करकरली की सगळ्यांनी माना वळवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाल्त्स, संडास उजवीकडे आहे!" पुन्हा हशा. मी म्हटलं, "संडास नको. मी नियमाने बाहेर जातोय." रेगुलाने चष्मा खाली केला. "तू तिचा कोण लागतोस?" मी म्हटलं, "अजून कुणीच नाही. तिलाही ठाऊक नाही. पण पहाटे आरशात तिचे दिवे दिसले नाहीत तर माझा दिवस सुरू होत नाही. असा माणूस तटस्थ कसा? तिने जिंकावं ते माझ्या मताशिवाय जिंकावं." आणि टोपी घेऊन बाहेर पडलो. लेखनिकाने हे सगळं लिहून घेतलं, काय लिहिलं ते देव जाणे. सभा संपल्यावर योस्त वाइनचे दोन पेले घेऊन शेडखाली आला, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मार्टा असती तर तिने तुला पहिल्या सभेलाच बाहेर हाकललं असतं." त्याचे डोळे भरले होते, माझेही, आणि आम्ही दोघांनी थंडीवर ढकललं. तर ग्रासिंदा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. फार वर्षं आहे. आधी बोललो असतो तर स्वयंपाकघराचं दार दाखवल्यासारखं झालं असतं, म्हणून तुझं तुला मिळेपर्यंत थांबलो, आणि त्या आग्नेसआजीच्या नवऱ्यासारखा तुझ्याशी बटाट्यांवर बोलत राहिलो. पहिल्या सभेतल्या त्या हाताबद्दल तू रागावशील, रागाव, मी ऐकून घेईन. गावाचं म्हणशील तर गावाने आपलं लग्न आजच लावून टाकलं आहे, आजीने तर पेले वाटताना त्यावर हातही मोजले आणि भरघोस बहुमत झाल्याचं जाहीर केलं. ते मानू नकोस. हा विषय ग्रामसभेचा नाही, इथे मत एकच आहे आणि ते तुझं. तू नऊ डिसेंबरला कामावर येतेस. बर्फ असो नसो, मी पहाटे घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेऊन उभा असेन. नेहमीसारखं दोनदा डिपर मारलंस तर मी हात हलवेन, आणि आपण बावीस वर्षं होतो तसेच राहू, मी पुढे, तू मागे, आणि वसंतातल्या सभेत बसथांबा परत आणायला दोघं हात वर करू. तीनदा मारलंस, तर संध्याकाळी मी नवी कुंडी घेऊन येईन. आणि 'नाही' असेल तर कारण द्यायचं नाही. कारण गावाला द्यावं लागतं. तुला नाही.

तुझाच, तू म्हणशील तेवढाच,
बाल्त्स